हात, थ्रेशर आणि रिकामा साचा : पार्श्वभूमी

शेतीची यंत्रं आणि माणसाचा देह एकत्र मांडणाऱ्या, विदर्भातल्या हिंगणघाटकडच्या एका कलावंताच्या कामाबद्दल लिहिताना बहुतेक जण यंत्राचा गौरव करणाऱ्या इटालियन फ्युचरिस्टांच्या १९०९ च्या जाहीरनाम्यापासून सुरुवात करतात. देह आणि यंत्र एकत्र आले की युरोप आठवायचाच, अशी सवय पडली आहे. अमूर्ताचा एक मोठा भारतीय चित्रकार, वासुदेव गायतोंडे, १९२४ साली नागपुरात जन्मला, हेही कुणीतरी जोडून देतं. त्याची कारकीर्द मुंबई-दिल्लीत घडली, हे सोडून देतात.

या कामाची मुळं त्याहून जवळ आहेत. पेरणीच्या तिफणीवरच्या चाड्यात, म्हणजे बी टाकायच्या वाटीत, बी सोडणाऱ्या बाईची मूठ हाच त्या अवजाराचा मोजमाप करणारा भाग. मुलांच्या तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल पाय असूनही चाकांवर चालतो, आणि त्यात कुणाला विचित्र वाटत नाही. पुढे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं, आलं. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे दोन रोलर कापसाचे तंतू ओढतात, तर हलती सुरी सरकी झटकून खाली पाडते. झिजलेले रोलर आणि बोथट सुऱ्या भंगारात किलोवर मिळतात. या कलावंताच्या सुरुवातीच्या चित्रांतल्या बरगड्या तिथूनच आल्या.

खरा वाद थ्रेशरचा, म्हणजे मळणी यंत्राचा आहे. सोयाबीन वाढलं तसं थ्रेशर गावोगाव फिरू लागलं. सोंगलेलं सोयाबीन हाताने आत लोटायचं, पाऊस यायच्या आत गंजी संपवायची, म्हणून रात्रीही मशीन चालू. लोटायचं तोंड आखूड असलं की ड्रम आणि कोपर यांत फारसं अंतर उरत नाही. मळणी यंत्रांवरचे असे अपघात डोळ्यांसमोर ठेवूनच धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ साली झाला. त्यात भरपाईची तरतूद आहे. पण मजूर रोजंदारीचा, मशीन भाड्याचं, नोंद कशाचीच नाही. मग दावा कुणी आणि कुणावर करायचा?

अशाच बोटं गमावलेल्या काही मजुरांच्या हातांचे साचे कलावंताने घेतले, त्यांत प्लास्टरचे हात ओतले आणि ते थ्रेशरच्या शाफ्टवर बसवले. गावात दाखवलं तेव्हा लोक थांबून बघत होते. शहरातल्या प्रदर्शनाआधी मात्र त्याने हात काढून टाकले आणि शाफ्टवर फक्त साचे ठेवले, आतून पोकळ. प्रदर्शनासाठी कामं निवडणाऱ्यांची आधीच कुरकुर होती, की हे कलेपेक्षा वैद्यकीय शाळेतल्या नमुन्यासारखं दिसतं. त्यामुळे हात दबावाखाली काढले, असा आरोप झाला. मजुरांतही एकमत नव्हतं. काहींना आपला हात शहरात टांगलेला नको होता. काहींचं म्हणणं, कागदावर कुठेच नोंद नाही, निदान इथे तरी दिसू द्या.

निदान इथे तरी दिसू द्या, हा आक्षेप खोडून काढणं सोपं नाही. तरीही साचाच बरोबर होता, असं म्हणावंसं वाटतं. हात दिसला की बघणारा हळहळतो आणि पुढे सरकतो. साच्यात डोकावताना तळव्यावरच्या रेषा उलट्या दिसतात, बोट कुठपर्यंत होतं ते शोधावं लागतं. इथे अमूर्तता शैलीची हौस म्हणून आलेली नाही. निवडणाऱ्यांची सोय झाली, हेही तितकंच खरं.

त्यानंतरच्या कामांत आवाज वाढला आहे: पट्ट्याची फडफड, रिकाम्या ड्रमची घरघर. काढलेले हात ज्याचे त्याला परत दिले गेले. एका घरी तो देवळीत ठेवला आहे, एका घरी धान्याच्या कोठीवर.