बेरेगची पायवाट आणि बर्फाने सोडलेली दरी

युंगफ्राउयोखला जाऊन आलेलं कोणी ना कोणी आता आपल्या प्रत्येकाच्याच ओळखीत असतं, आणि त्यांचा प्लॅनही साधारण ठरलेला, सकाळी ग्रिंडेलवाल्ड गावाहून वर, 3454 मीटरवरचं रेल्वे स्टेशन, बर्फात फोटो, संध्याकाळी हॉटेल. ते बघावंच. पण स्वित्झर्लंडच्या या गावात एक दिवस जास्तीचा मिळाला तर मी सगळ्यांना एकच सांगतो, फिंगस्टेगच्या केबलकारने वर जा आणि तिथून बेरेग या डोंगरावरच्या उपहारगृहापर्यंत चालत जा. साधारण तासाभराची चढण आहे. बर्फ वितळतोय वितळतोय असं आपण रोज वाचतो, पण बर्फ गेल्यावर डोंगराचं काय होतं हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी सोपी वाट मला तरी माहीत नाही.

वाटेवर पिवळ्या पाट्या दिसतील, त्यांच्यावर किलोमीटर नसतात, वेळ असतो, आणि तो न थांबता चालण्याचा, त्यामुळे पाणी प्यायला, फोटोला लागणारा वेळ आपला आपण धरायचा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, जिथे चांगले बूट आणि न गरगरणारं डोकं लागतं. बेरेगची वाट ही दुसऱ्या प्रकारातली.

चालताना उजव्या हाताला दरी खोल होत जाते. पलीकडे आयगर शिखराचा चुनखडकाचा कडा, खाली राखाडी दगडगोट्यांचा ढीग. ही दरी आज रिकामी दिसते, पण 1855-56 च्या सुमारास ती बर्फाने भरलेली होती. ‘खालची ग्रिंडेलवाल्ड हिमनदी’ (हे तिचं नावच) तेव्हा पार समुद्रसपाटीपासून साधारण 1000 मीटर उंचीपर्यंत, म्हणजे गावाच्या अगदी उंबऱ्याशी आली होती. तिथपासून ती 2 किलोमीटरपेक्षा जास्त मागे हटलीये. आणि हे कुणी अंदाजाने सांगत नाही. या हिमनदीची इतकी चित्रं, नकाशे, जुन्या नोंदी आणि नंतर फोटो आहेत की ती कधी कुठपर्यंत होती याचा आलेख संशोधकांनी थेट 1535 पासून जुळवलाय. चित्रकार निसर्ग रंगवायला यायचे, आणि त्यांच्या चित्रातला अमुक खडक बर्फाबाहेर आहे की बर्फाखाली एवढ्यावरून आज मोजमाप होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता मुख्य मुद्दा. हिमनदी दरी कोरते हे आपण शाळेत शिकलो. बर्फ तळाशी अडकलेल्या दगडांनी दोन्ही बाजू घासत खाली सरकतो आणि कडे जास्त जास्त उभे होत जातात. पण जोपर्यंत बर्फ तिथे आहे तोपर्यंत तोच त्या कड्यांना टेकूही देत असतो. 100 मीटर जाडीचा बर्फ घेतला तरी तळाशी दर चौरस मीटरला साधारण 90 टन वजन येतं, आणि तो दाब बाजूच्या भिंतींवरही पडतो. म्हणजे कड्याचा पाया पोखरणाराही बर्फ आणि त्याला धरून ठेवणाराही बर्फच. बर्फ वितळला की टेकू जातो, पोखरलेला उभा कडा तसाच उरतो, खडकातल्या जुन्या भेगा हळूहळू उघडायला लागतात, त्यात वितळलेल्या बर्फाचं आणि पावसाचं पाणी शिरतं, आणि मग एक दिवस दरड येते.

इथे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. 2006 च्या जून महिन्यात आयगरच्या पूर्व बाजूच्या कड्याला मोठी भेग दिसायला लागली, ती दिवसेंदिवस रुंद होत गेली, लोक मुद्दाम बेरेगपर्यंत चढून बघायला यायचे. 13 जुलैला संध्याकाळी 5 लाख घनमीटरच्या वर खडक खाली कोसळला आणि धुळीचा ढग गावावर पसरला. 5 लाख घनमीटर म्हणजे सुमारे 13 लाख टन दगड! आपल्याकडे घाटात एक दरड आली तरी रस्ता दोन-दोन दिवस बंद राहतो, त्यावरून कल्पना करा.

पण दरीच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे आपण चालतो त्या बाजूला, वेगळंच घडत होतं. तिथे खडक नाही, हिमोढ आहे, म्हणजे हिमनदीने आणून कडेला रचलेला दगड, वाळू, माती यांचा सैल बांध. त्याच्यावर श्टिरेग नावाचं गवताळ पठार होतं आणि त्यावर वाटसरूंसाठी एक जुनं उपहारगृह. खालचा बर्फ खचला तसा हा बांधही ढासळायला लागला, आणि 2005 च्या उन्हाळ्यात कडा अगदी इमारतीपर्यंत येऊन पोचल्यावर ती सोडून द्यावी लागली. आज आपण जिथे बसून सूप पितो ते बेरेगचं घर पुढच्याच वर्षी, वरच्या बाजूला बांधलेलं आहे.

यात आणखी एक गंमत आहे. बर्फावर धुळीचा पातळ थर बसला तर तो ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो, पण तोच थर हातभर जाड झाला की तो गोधडीसारखं काम करतो, खाली ऊब पोचतच नाही. दरडींचा सगळा दगड दरीत उरलेल्या बर्फावर पडला, कुठे जाड कुठे पातळ, त्यामुळे बर्फ वेडावाकडा वितळला, खड्डे झाले, खड्ड्यांत पाणी साठून तळं झालं. 2008 च्या मे अखेरीस त्या तळ्याचं पाणी अचानक सुटलं आणि नदीला पूर आला. मग पुन्हा तसं होऊ नये म्हणून डोंगरातून सुमारे 2 किलोमीटरचा बोगदा खणून तळ्याच्या पाण्याला वाट करून दिली, काम 2009 मध्येच हातात घेतलं होतं.

नदीचं नाव काळी ल्युचिने. शेजारच्या लाउटरब्रुनेनच्या दरीतून येते ती पांढरी ल्युचिने, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे दुधाळ. इकडच्या पाण्यात काळ्या पाटीच्या दगडाची भुकटी मिसळते म्हणून ही गडद. दोघी पुढे एकत्र येतात, ट्रेनमधून जाताना खिडकीतून बघा.

उतरताना परत केबलकार न घेता जंगलातून मार्मोरब्रुखकडे जाणारी वाट धरा. तिथे जुनी दगडाची खाण आहे. नाव संगमरवराचं असलं तरी तो खरं तर गुलाबी-हिरव्या छटांचा चुनखडक आहे. अठराव्या शतकात ही खाण चालू होती, मग हिमनदी पुढे सरकली आणि अख्खी खाणच बर्फाखाली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फ मागे हटला तेव्हा ती पुन्हा उघडी पडली. आज तिथे उभं राहून वर बघितलं तर हिमनदी दिसतसुद्धा नाही, फक्त खालच्या अरुंद घळीतून पाण्याचा आवाज येत राहतो.