सैन्यात लढलं की नागरिकत्व आपोआप मिळतं? नाही!

अमेरिकेच्या सैन्यात लढलेल्या स्थलांतरिताला तिथलं नागरिकत्व आपोआप मिळतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खोटा आहे. युद्धकाळातल्या सेवेमुळे काही अटी सैल होतात, एवढंच. अर्ज करावाच लागतो, तो मंजूर व्हावा लागतो आणि शपथही घ्यावी लागते.

मकारिओ गार्सिया यांचंच पाहा. जन्म मेक्सिकोतला, कुटुंब टेक्सासमध्ये येऊन शेतात राबायचं. नोव्हेंबर १९४४ मध्ये जर्मनीत ग्रोसहाऊजवळ, जखमी अवस्थेत, त्यांनी एकट्याने मशीनगनची दोन ठाणी उद्ध्वस्त केली. ऑगस्ट १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ दिलं, म्हणजे आपल्या परमवीर चक्राच्या तोडीचा सन्मान. आणि पुढच्याच महिन्यात टेक्सासमधल्या एका उपाहारगृहाने मेक्सिकन म्हणून त्यांना खायला देणं नाकारलं! वाचताना आजही संताप होतो. नागरिकत्व मिळालं ते १९४७ मध्ये.

ज्यांचे अर्ज राहूनच गेले, त्यांचे हाल वेगळेच. व्हिएतनाममध्ये लढलेले काहीजण पुढे एखाद्या गुन्ह्यात अडकले आणि शिक्षा भोगून झाल्यावरही मेक्सिकोत हद्दपार झाले.