युद्धविमानाच्या धातूचे मनगटी घड्याळ

युद्धात वापरलेल्या, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) विमानातून निघालेला धातू ज्याच्या तबकडीत, रोटरमध्ये (घड्याळाला आपोआप किल्ली देणाऱ्या फिरत्या वजनात) किंवा पाठीमागच्या झाकणात बसवलेला असतो, असे उंची मनगटी घड्याळ. अशी घड्याळे मर्यादित संख्येत निघतात. धातू कोणत्या विमानाचा आहे, याचे प्रमाणपत्र बहुधा सोबत मिळते. विमानाचे केवळ नाव किंवा चित्र मिरवणारी घड्याळे या प्रकारात मोडत नाहीत.

या धातूला मोल आले ते तो विरळ झाल्यामुळे. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे २०,००० हून अधिक नग बनले होते, पण युद्ध संपताच जवळपास सगळे भंगारात गेले. अमेरिकेत ॲरिझोनातील किंगमन येथे हजारो विमाने उभी करून तोडली आणि वितळवली गेली. हे चक्र उलटही फिरले होते. जुलै १९४० मध्ये ब्रिटनचे विमान-उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रूक यांनी गृहिणींना ॲल्युमिनियमची भांडीकुंडी विमानांसाठी देण्याचे आवाहन केले होते. म्हणजे हा पत्रा किलोने कधीच दुर्मीळ नव्हता; दुर्मीळ आहे तो अमुक एका विमानाचा म्हणून ओळख टिकवून राहिलेला पत्रा.

हा पत्रा बहुतांशी ड्युरॅल्युमिनचा असतो. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मिश्रधातू शोधला. ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम व मँगनीज घालून, तापवून पाणी दिले की तो लगेच कठीण होत नाही. पुढच्या काही दिवसांत नुसता ठेवल्या ठेवल्या कठीण होत जातो. घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, तरीही भार पेलण्याची चांगली ताकद, म्हणून विमानबांधणीत तो रुजला.

घड्याळजीच्या दृष्टीने मात्र हा धातू अडचणीचा आहे. तो पोलादापेक्षा मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर उठतात, आणि त्यातील तांब्यामुळे खारट घामाने तो आतून पोखरला जाऊ शकतो. त्यामुळे घड्याळाची केस (बाहेरचे कवच) सहसा स्टेनलेस स्टीलची ठेवतात आणि विमानाचा धातू काचेआड सुरक्षित बसवतात. तबकडीसाठी तुकडा निवडणे हेच मोठे काम असते. जुन्या पत्र्याला रिव्हेटची भोके, पोचे, रंगाचे थर आणि पांढरट झीज असते. शिवाय विमानाचा पत्रा क्वचितच सपाट असतो. तो सरळ करून घासून पातळ केला तरी अंगातल्या ताणामुळे पुन्हा वाकू पाहतो, आणि तबकडी जरा जरी वाकडी राहिली तरी काटे तिला घासण्याची भीती असते. काही निर्माते पृष्ठभाग घासून चकचकीत करतात, काही रंग आणि चरे तसेच राखतात. दुसरी पद्धत निःसंशय सरस आहे. घोटून काढलेले ॲल्युमिनियम कोणत्याही कारखान्यातले असू शकते. चऱ्यांमुळे मात्र प्रत्येक तबकडी वेगळी होते आणि पत्रा वापरातला होता हे दिसते.

स्वयंचलित घड्याळात मनगटाच्या हालचालीने फिरून कमानीला किल्ली देणारा रोटर कडेला जड असावा लागतो. ॲल्युमिनियम हलके असल्याने अख्खा रोटर त्याचा करून भागत नाही. जड धातूच्या रोटरमध्ये त्याचा तुकडा जडवतात. इंजिनाचे दट्टे (पिस्टन) वितळवून त्यांच्या चकत्या झाकणात बसवण्याचीही पद्धत आहे, पण त्यात मूळ भागाचा आकार हरवतो. कॉकपिटमधील जुनी उपकरणे मात्र वापरायला धोक्याची. त्यांच्या अंकांवर अनेकदा रेडियमयुक्त, किरणोत्सर्गी रंग असे, आणि रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षांचा आहे.

या क्षेत्रात ब्रिटनच्या ब्रेमाँटचे नाव आधी घ्यावे लागते. निक आणि जाइल्स इंग्लिश या भावांनी २००२ मध्ये ही कंपनी काढली. त्यांचे वडील १९९५ मध्ये युद्धकालीन बनावटीच्या हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाच्या अपघातात गेले. त्याच विमानात असलेले निक गंभीर जखमी झाले. जुन्या विमानांविषयीची या कंपनीची ओढ अशी घरातून आलेली आहे. तिच्या ईपी१२० या घड्याळाचे १२० नग निघाले. त्यात १९४२ च्या ईपी१२० क्रमांकाच्या स्पिटफायरचा धातू आहे. २०११ च्या पी-५१ मालिकेत (२५१ नग) मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाचा धातू वापरला आहे. अमेरिकेच्या टॉकर कंपनीने ‘दॅट्स ऑल, ब्रदर’ या सी-४७ जातीच्या वाहतूक विमानाच्या मूळ पत्र्याच्या तबकड्या केल्या. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीत छत्रीधारी सैनिकांच्या मुख्य विमानताफ्याच्या अग्रभागी हेच विमान होते. डेन्मार्कच्या आरईसी कंपनीने पीटी८७९ या स्पिटफायरचा पत्रा वापरला. सोव्हिएत संघाला मदत म्हणून दिलेले हे विमान मुरमान्स्क भागात कोसळले होते. पुढे ते ब्रिटनमध्ये परतले आणि दुरुस्त होऊन २०२० मध्ये पुन्हा उडाले.

शेवटची दोन उदाहरणे आदर्श म्हणावीत अशी आहेत. विमान पुन्हा उडते करताना झिजलेला पत्रा सुरक्षिततेसाठी काढावाच लागतो. नवा पत्रा विमानाला जातो आणि उरलेला जुना घड्याळाला. याउलट घड्याळांसाठी धड विमान कापणे हे इतिहासाचे सरळ नुकसान आहे, मग त्यातून कितीही सुंदर वस्तू निघो. पडलेल्या विमानांचे अवशेष उचलण्यावर कायद्याचे निर्बंधही आहेत. ब्रिटनच्या १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्यानुसार सेवेत असताना कोसळलेल्या लष्करी विमानाला परवान्याशिवाय हात लावता येत नाही. जिथे वैमानिकाचे अवशेष असण्याची शक्यता असते तिथे परवाना सहसा नाकारला जातो, आणि ते योग्यच आहे.

खरेपणाची परीक्षा कागदावरच करावी लागते. रासायनिक तपासणीने मिश्रधातू त्या काळातला वाटतो का, एवढे कळू शकते; पण शेजारी उभ्या असलेल्या दोन विमानांचा पत्रा एकाच कारखान्यातून आलेला असू शकतो. म्हणून प्रमाणपत्रावर विमानाचा अनुक्रमांक, धातू कोणत्या भागातून आणि कोणत्या दुरुस्तीत निघाला, तो कोणी दिला, या नोंदी हव्यात. नुसते ‘अस्सल स्पिटफायरचा धातू’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून विमानाची ओळख पटत नाही.