निवेदन दिलं, पण वाटाघाट झाली का?

नाशिक जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी एक फोटो येतो. चार-पाच जण अर्धगोलात उभे, मधे टेबल, टेबलापलीकडे साहेब, आणि एक कागद दोघांच्या हातांमधे धरलेला. खाली ओळ असते, ‘प्रलंबित मागण्यांबाबत आज निवेदन देण्यात आले.’ त्याखाली टाळ्या. काही महिन्यांनी त्याच मागण्यांसाठी तसाच फोटो पुन्हा येतो. एव्हाना साहेब बदललेले असतात.

अशा फोटोंत मीही उभा राहिलो आहे. पेठ भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना बरीच वर्षं माझी समजूत होती की निवेदन दिलं म्हणजे आपण सरकारशी बोललो. आता नव्या डॉक्टरांशी, परिचारिकांशी या विषयावर बोलतो तेव्हा पहिला गोंधळ हाच दिसतो. निवेदन आणि वाटाघाट एकच समजली जाते, आणि मग ‘आम्ही इतक्यांदा वाटाघाटी केल्या, काही झालं नाही’ अशी निराशा येते. बहुतेक वेळा वाटाघाट झालेलीच नसते.

फरक ओळखायची सोपी खूण सांगतो. परत येताना हातात कोणता कागद आहे ते बघा. निवेदनाची पोहोच मिळते, म्हणजे आपल्याच कागदाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक. वाटाघाटीचं इतिवृत्त होतं: कोण हजर होतं, काय ठरलं, कोणी काय करायचं, कधीपर्यंत. पहिल्या कागदावर फक्त आपलं म्हणणं असतं. दुसऱ्यावर दोन्ही बाजूंनी स्वतःला बांधून घेतलेलं असतं.

म्हणून निवेदन कमी दर्जाचं असं नाही. सरकारी कामाला कागद लागतो. कागद नसेल तर लिपिकाला टिपणी ठेवता येत नाही, टिपणी नसेल तर फाइल उघडत नाही, आणि फाइल नसेल तर भला अधिकारीही काही करू शकत नाही. उद्या दुर्घटना घडली तर ‘आम्ही अमुक तारखेला लेखी कळवलं होतं’ हे दाखवायलाही तोच शिक्का कामी येतो. निवेदन द्यावंच. ते दार ठोठावणं आहे. पण ठोठावून आपण जिना उतरून घरी जातो, तिथं चुकतं.

आमच्या केंद्रात रुग्णवाहिका होती, चालक एकच होता. तो माणूस दिवसभर गाडी चालवायचा आणि रात्री गावाकडे जायचा. अडलेली बाळंतीण रात्री आली की खाजगी जीप शोधायची, पैसे नातेवाइकांनी जमवायचे, आणि सावळघाट उतरून-चढून नाशिकचं जिल्हा रुग्णालय गाठायचं. १०८ ची गाडी होती, पण ती कुठे तरी दुसऱ्या फेरीवर असली की वाट बघण्यात वेळ जायचा. आम्ही निवेदनं दिली. मागणी एका ओळीची होती: दुसऱ्या चालकाचं पद मंजूर करावं. उत्तरही दर वेळी एका ओळीचं: आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद नाही.

इथं दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. आम्हाला चालक हवा होता, आणि आकृतीबंधात पद खरंच नव्हतं. नवं पद निर्माण करणं जिल्ह्याच्या हातात नसतं. ते मंत्रालयात, वित्त विभागाच्या संमतीनं होतं. म्हणजे जी गोष्ट देणं समोरच्याला शक्यच नव्हतं, ती आम्ही वर्षानुवर्षं त्याच्याकडे मागत होतो आणि तो नाही म्हणाला की रागावत होतो.

बदल घडला तो आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरमुळे. त्यांनी एक साधी शंभरपानी वही केली. रात्री पाठवावा लागलेला प्रत्येक रुग्ण त्यात लिहायचा: आला किती वाजता, गाडी मिळाली किती वाजता, जीपवाल्याला किती दिले, जिल्हा रुग्णालयात पोहोचला किती वाजता. नाव नाही, फक्त वेळ, कारण आणि पैसे. चार महिन्यांनी ती वही घेऊन आम्ही वेळ मागितली, आणि या वेळी निवेदन बरोबर नेलं नाही.

साहेबांनी वही उघडली, दोन-तीन पानं उलटली आणि म्हणाले, “डॉक्टर, तुमचं बरोबर आहे, पण तुम्हाला दिलं तर उद्या सगळी केंद्रं माझ्या दारात उभी राहतील.”

मला त्या वाक्याचं मोल नंतर कळलं. इतकी वर्षं अडचण पैशांची आहे असं आम्ही धरून चाललो होतो. खरी अडचण पायंडा पडण्याची होती, आणि तिच्यामागे लेखापरीक्षणाची भीती. हे कुठल्याही निवेदनाच्या उत्तरात लिहून आलं नसतं. समोरासमोर बसल्यावर, आणि आम्ही गप्प राहिल्यावर, ते बाहेर आलं.

मग बोलणं वेगळ्या वाटेनं गेलं. पद हा शब्दच आम्ही सोडला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, गरोदर मातेला दवाखान्यात आणण्याची आणि पुढे पाठवण्याची वाहतूक मोफत आहे. हे सरकारचंच वचन आहे, आणि वहीत जीपभाड्याचे आकडे समोर होते. ते वचन आहे त्या साधनांत कसं पाळता येईल, एवढंच विचारलं. शेवटी ठरलं ते असं: शेजारच्या केंद्राला आणि आम्हाला मिळून रात्रीसाठी एक चालक, बाह्यस्रोतातून म्हणजे बाहेरच्या संस्थेमार्फत, सहा महिन्यांपुरता, प्रायोगिक. ‘दोन केंद्रांत एक’ आणि ‘प्रायोगिक’ या दोन शब्दांमुळे साहेबांची पायंड्याची काळजी मिटली. आमच्याकडून त्यांनी दर महिन्याला वहीचा गोषवारा मागितला, कारण लेखापरीक्षणात दाखवायला त्यांना तोच आधार होता. आम्ही दिला.

मागितलं होतं त्यातलं पद मिळालं नाही. गाडी मात्र रात्री निघू लागली.

मागणी आणि गरज यांतलं अंतर ते हेच. मागणी आपण निवेदनात लिहितो. गरज तिच्या खाली असते आणि ती भागवण्याचे मार्ग सहसा एकाहून जास्त असतात. समोरच्याचंही तसंच असतं: ‘नाही’ ही त्याची भूमिका, आणि तिच्याखाली त्याची काळजी. डॉक्टर-नर्सना हे अवघड जाऊ नये. ओपीडीत रुग्ण ‘सलाईन लावा’ म्हणतो, आपण लगेच सलाईन लावत नाही आणि त्याला हाकलतही नाही. काय होतंय, कधीपासून, हे विचारतो. अधिकाऱ्यापुढे बसलं की मात्र आपण इतिहास घ्यायचं विसरतो आणि थेट औषध लिहून देतो. अडचण कुठे आहे, यापूर्वी असं कुठं केलं आहे का, काय असेल तर तुम्हाला सही करता येईल, हे तीन प्रश्न मी आता प्रत्येक बैठकीत विचारतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा एखादा कागद असतो, आणि तो आपण आणून देऊ शकतो.

दार कोणतं, हेही आधी तपासायला हवं. आमच्या क्षेत्रातले लोकसुद्धा इथं चुकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. नाशिक शहरातले मनपाचे दवाखाने महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे. केंद्राच्या छपराची गळती, पाण्याची टाकी अशा गोष्टी तर रुग्ण कल्याण समितीच्या पातळीवरही सुटू शकतात. त्यासाठी नाशिकला यायचं कारण नाही. निवेदन सगळ्यांना ‘प्रत माहितीसाठी’ पाठवता येतं. वाटाघाट मात्र ज्याच्या सहीनं काम होणार त्याच्याशीच होते. बाकी ठिकाणी चहा मिळतो.

आणि वेळ. जिल्हा नियोजन समितीचा पुढच्या वर्षाचा आराखडा आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच, हिवाळ्यात ठरत जातो. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर इथल्या कामांना आदिवासी उपयोजनेचा निधीही असतो. एप्रिलमध्ये जाऊन यंत्र मागितलं तर उत्तर ‘पुढच्या वर्षी बघू’ असंच येणार, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. नाशिककरांसाठी आता आणखी एक खिडकी उघडी आहे, २०२७ च्या सिंहस्थाची. बारा वर्षांतून एकदा एवढं लक्ष आणि एवढा पैसा या जिल्ह्याकडे वळतो. तंबूतले दवाखाने उभे राहतील आणि उतरतील. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या केंद्रांत काय कायमचं राहील, यावर आजच बसून बोलायला हवं. मला याची खरोखर घाई वाटते.

निवेदनाची एक सवय वाटाघाटीत फार नडते. चौदा मागण्या लिहायच्या, म्हणजे सात तरी मिळतील. ही बाजारातली घासाघीस झाली. अधिकारी चौदांतल्या सगळ्यात स्वस्त दोन उचलतो, ‘दोन मागण्या मान्य’ अशी बातमी होते, आणि जी गोष्ट रुग्णाच्या जिवाची होती ती बाराव्या क्रमांकावर पडून राहते. निवेदनात हवं तर चौदा लिहा. बैठकीत एक किंवा दोनच न्या.

सरकारी सेवेतल्यांना एक सावधगिरी. आमदारांना बरोबर घेऊन गेलं की काम होतं, असा सल्ला हमखास मिळतो. स्वतःची बदली, पदोन्नती, चौकशी अशा सेवेच्या बाबींत राजकीय वजन आणणं वर्तणूक नियमांत बसत नाही आणि ते अंगाशी येतं. सेवेचा प्रश्न संघटनेमार्फत, योग्य मार्गानं मांडावा. रुग्णसेवेचा प्रश्न गावाचा आहे. तो ग्रामसभेनं मांडला तर त्याला वजनही वेगळं येतं.

बोलणी फिसकटली तर काय, हा प्रश्न राहतो. आपल्या हातात दुसरं काही नसेल तर समोरच्याला ते लगेच कळतं. आशा सेविकांचा अलीकडचा लढा या अंगानं बघण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी राज्यभर संप केला, मानधनवाढीचं आश्वासन मिळालं आणि संप मागे घेतला. शासन निर्णय काही निघाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या, आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या, आणि मार्चमध्ये दरमहा ५ हजार रुपयांच्या वाढीवर निर्णय झाला. आश्वासन आणि शासन निर्णय यांच्यामधे कित्येक महिन्यांचा संसार त्या बायांनी कसा ओढला असेल ते आठवलं की गलबलून येतं. संप हे तेव्हा त्यांच्या हातातलं बळ होतं. डॉक्टरांनी ते वापरताना शंभरदा विचार करावा, कारण झळ बसते ती रांगेतल्या रुग्णाला, आणि आपल्या बाजूनं बोलायला तोच सगळ्यात मोठा साक्षीदार असतो.

आपलं दुसरं बळ म्हणजे नोंद. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेता येते हे दाखवलं. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ मध्ये ते काम देशभरातल्या आशा सेविकांच्या हाती आलं. मधली बारा वर्षं बघा. पुरावा पक्का असूनही धोरण आपोआप बदलत नाही. तो घेऊन माणसांना पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. आमची वही त्यापुढे काहीच नाही, पण जात तीच.

चालकाचं ठरलं त्या दिवशी मी एक चूक करणार होतो. हात जोडून, आभार मानून निघालो होतो. सिस्टर जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, हे लिहून कुठे आहे?” आम्ही परत वर गेलो. इतिवृत्त व्हायला चार-आठ दिवस लागतील असं कळलं, तेव्हा तिथंच बाकावर बसून पत्र लिहिलं: ‘आजच्या बैठकीत ठरल्यानुसार’ अशी सुरुवात, खाली तीन ओळी, शेवटी तारीख. टपालात दिलं, आवक क्रमांक घेतला. तेही एका अर्थी निवेदनच होतं, फक्त या वेळी ते बोलण्यानंतर आलं.

नवा चालक रुजू झाल्यानंतरची पहिली नोंद सिस्टरांच्या वहीत अशी आहे: ‘रात्री १.४० रुग्ण आली. १.५५ गाडी निघाली. ३.२५ जिल्हा रुग्णालय. जीपभाडे: निरंक.’