गीझरमधली झिजणारी कांडी

मागच्या हिवाळ्यात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी सात वर्षांचा गीझर उघडला, तेव्हा मिस्त्रीने आतून ओंजळभर पांढरे कपचे काढले. "बोरिंगचं पाणी," एवढंच तो म्हणाला. आजीचा तांब्याचा बंब दोन पिढ्या चालला. गीझर मात्र साधारण आठ-बारा वर्षांत थकतो, आणि क्षारांच्या पाण्यात त्याच्याही आधी.

इंदूरच्या घरांत दोन पाणी येतात. 1978 पासून जलूदहून विंध्य चढून येणारं नर्मदेचं, आणि माळव्याच्या काळ्या खडकातून उपसलेलं बोरिंगचं. खडकात मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं उलटं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. हा थर तांब्याच्या मानाने शंभर पटींहूनही कमी उष्णता वाहतो. कॉइलची उष्णता आतच कोंडते आणि शेवटी कॉइल जळते. साठ अंशांच्या वर थर फार वेगाने वाढतो, म्हणून थर्मोस्टॅट पंचाहत्तरवर ठेवू नये. कूलरचीही हीच गत: पाणी उडून जातं, क्षार जाळीत राहतात.

कॉइल बदलता येते, टाकी फुटली की संपलं. टाकी पोलादाची, आतून काचेसारखा मुलामा. त्याला बारीक तडे असतातच. तिथे गंज धरू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी लावतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून पोलादाऐवजी ते झिजतं. जहाजांच्या तळाचं तांबं वाचवायला हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये हीच युक्ती वापरली होती, जस्त आणि लोखंड लावून. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. पण कांडी संपली की गंजाची पाळी टाकीची, आणि बाहेरून काहीच कळत नाही. ती वर्षा-दोन वर्षांनी पाहावी, हे गीझर घेताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बंबाला ही भानगड नव्हती. जाड तांबं गंजत नाही, आणि आत चुना धरला तर चिंचेचं आम्ल तो विरघळवून टाकायचं.

आमच्या कांडीची फक्त मधली तार उरली होती. नवी बसवली आणि तारीख गीझरच्या अंगावरच मार्करने लिहून ठेवली. पुढच्या दिवाळीआधी पुन्हा उघडायचा आहे.