शनीचे चंद्र आणि वर्गातलं जाळं

शनीला चंद्र किती? मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. छापील पाठ्यपुस्तक या वेगाने धावू शकत नाही. मग शिक्षकाने वर्गात नेमकं शिकवायचं काय?

कॅनडातले शिक्षण-अभ्यासक जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००५ च्या सुमारास या प्रश्नाला एक धीट उत्तर दिलं. त्यांच्या मांडणीला कनेक्टिव्हिझम म्हणतात. ज्ञान एकट्याच्या डोक्यात साठत नाही. माणसं, पुस्तकं, यंत्रं, माहितीचे साठे यांच्यातल्या जोडण्यांत ते असतं. शिकणं म्हणजे या जोडण्या बांधणं, निरुपयोगी झालेल्या तोडणं. सीमेन्स तर म्हणतात की, नळातून काय वाहतं यापेक्षा नळ महत्त्वाचा. (हे मला पटत नाही. नळ चांगला असला तरी पाणी गढूळ असू शकतं.)

२००८ मध्ये दोघांनी मॅनिटोबा विद्यापीठात हा विचार प्रत्यक्षात आणून पाहिला. फी भरलेले विद्यार्थी साधारण पंचवीस, पण अभ्यासक्रम सगळ्यांना खुला ठेवल्यावर दोन हजारांहून अधिक लोक फुकट सामील झाले. ठरावीक पाठ्यपुस्तक नव्हतं, सगळ्यांनी एकाच ठिकाणी जमायची सक्ती नव्हती. कुणी स्वतःच्या ब्लॉगवर लिहीत होतं, कुणी चर्चापीठावर वाद घालत होतं, आणि डाउन्स यांनी लिहिलेली संगणकप्रणाली हे विखुरलेलं लेखन गोळा करून रोज एका पत्रातून सगळ्यांकडे पाठवत होती. ‘मूक’ (MOOC, म्हणजे कितीही लोकांना खुला असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव पडलं ते याच प्रयोगामुळे. पुढे लाखो विद्यार्थ्यांना ध्वनिचित्रफिती दाखवणारे अभ्यासक्रम त्याच नावाने ओळखले जाऊ लागले, पण त्यांत जुनंच व्याख्यान पडद्यावर आलेलं होतं.

या प्रयोगाची दुसरी बाजूही संशोधकांनी नोंदवली. मोकळीक जितकी जास्त, तितके काही जण अधिक गोंधळले; आखणी आणि आधार नसल्याने संवादालाच मर्यादा पडल्या. आणि ही तर स्वतःहून आलेली प्रौढ माणसं! ज्या सातवीतल्या मुलीला उपग्रह म्हणजे काय हेच उमगलेलं नाही, ती दोन संकेतस्थळांवरच्या दोन आकड्यांतला खरा कोणता हे कशावरून ठरवणार? आधीचं थोडं ज्ञान डोक्यात असावंच लागतं. कनेक्टिव्हिझमच्या उत्साहात हे हमखास निसटतं.

आपल्याकडे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचं मोठं कौतुक झालं, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझही मिळालं. पण कोड उघडून मूल जिथे पोचतं ती जागा मोठ्यांनीच निवडलेली असते. मला त्यांचा दुसरा उपक्रम या सिद्धांताच्या जास्त जवळचा वाटतो: भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन अशा तणावातल्या देशांमधल्या मुलांना एकमेकांशी थेट बोलायला लावणं. तिथे समोरचं मूल काय विचारेल हे शिक्षकालाही माहीत नसतं.

शनीच्या धड्यातही असं करता येईल. आकडा सांगण्याऐवजी वर्गाला एक जुनं पुस्तक, विकिपीडियाचं पान आणि ‘नासा’चं संकेतस्थळ द्यायचं. तिन्ही आकडे जुळले नाहीत, तर का, हे मुलांनी शोधायचं. शिक्षकाने मधेमधे एवढंच विचारायचं: हे कुणी मोजलं, कधी, आणि चंद्र म्हणायचं तरी कशाला?