निदान उशिरा झालं म्हणता, मग पहिला एक्स-रे कुठे आहे?
हाडाच्या कॅन्सरच्या प्रकरणात आम्हा वकिलांकडे येणाऱ्या पक्षकारांसाठी

“पोराचा गुडघा सहा महिने दुखत होता. मुका मार आहे म्हणून गोळ्या आणि पट्टा देत राहिले. मुंबईला नेलं तर कॅन्सर निघाला. केस होते का?” चोपडा, रावेर, पारोळा, शहादा, सगळीकडून हाच प्रश्न येतो. केस होऊ शकते. पण ज्या कागदांवर ती उभी राहते, ते बहुतेकांकडे नसतात. म्हणून हे पत्रक.

लोक आमच्यासमोर ठेवतात ती फाइल जाडजूड आणि नीट लावलेली असते. पण ती निदानाच्या दिवसापासून सुरू होते: बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी), एमआरआय, केमोचे कागद. कॅन्सर कधी सापडला ते त्यातून कळतं. तो कधी सापडायला हवा होता, हे त्याआधीचे कागद सांगतात. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, पहिला एक्स-रे, त्याचा रिपोर्ट, मेडिकलचं बिल. ‘आता मोठ्या दवाखान्यात नवीन काढलाय’ म्हणून जुना एक्स-रे टाकून दिला जातो. भंगारवाला फिल्म विकत घेतो, त्याला देतात. ग्रहण पाहायला म्हणून मुलं घेऊन जातात (डोळ्यांसाठीही ते वाईटच). पत्र्याच्या घरात कपाटावर ठेवली, तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात फिल्मा एकमेकींना चिकटतात. आणि काही जण रागाच्या भरात जुन्या डॉक्टरकडे जाऊन मूळ कागद टेबलावर ठेवून येतात. हे तर कधीच करू नका. दाखवायचंच असेल तर झेरॉक्स दाखवा.

फिल्म एवढी का लागते? तिच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख आणि उजवा-डावा पाय छापलेला असतो. तज्ज्ञ डॉक्टर ती दिव्यावर लावून पाहतात: हाडाची कड कुरतडल्यासारखी आहे का, हाडावरचा पडदा उचलला जाऊन त्रिकोण झालाय का, उन्हाच्या किरणांसारख्या रेषा बाहेर येताहेत का. पहिल्याच फिल्मवर हे दिसत असेल आणि तरीही पुढे एमआरआय किंवा बायोप्सीला पाठवलं नसेल, तर तुमची बाजू मजबूत होते. फिल्म खरोखर स्वच्छ असेल, तर प्रश्न बदलतो: दुखणं रात्री झोपेतून उठवत होतं, सूज वाढत होती, तरी दुसरा एक्स-रे का काढला नाही? तेव्हा चिठ्ठीवर कोणती तक्रार लिहिली होती, ते महत्त्वाचं ठरतं. चिठ्ठी नसेल तर मेडिकलचं बिलही उपयोगी पडतं, कारण तुम्ही त्या तारखेला तिथे गेला होता हे त्यातून दिसतं. अशी बिलं उन्हानं फिकट होतात, म्हणून लगेच झेरॉक्स काढा. फिल्मचा ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला व्हॉट्सॲपचा फोटो मात्र पुरत नाही. डिजिटल एक्स-रे असेल तर सेंटरवरून सीडी मागून घ्या.

कागद हरवले असतील तर लगेच अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. डॉक्टरनं भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायच्या असतात, त्यामुळे ‘बघू नंतर’ म्हणू नका. अर्जावर तारीख घाला, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती ऐकून काही लोक नाराज होतात. उशीर झाला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे मुलांत होणारा हाडाचा कॅन्सर, हा दुर्मिळ आजार आहे. तो जास्त करून 10 ते 20 वर्षांच्या मुलांत, गुडघ्याच्या आसपास होतो, आणि त्याच वयात खेळताना गुडघ्याला मारही लागतो. म्हणून पहिल्या भेटीत ‘मुरगळलंय’ वाटणं ही चूक ठरेलच असं नाही. मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1968 साली पुण्याच्या एका डॉक्टरविरुद्ध निकाल दिला. रुग्ण घ्यायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्हींत वाजवी काळजी घेणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं त्यात म्हटलं आहे. आजही मोजमाप तेच. शिवाय उशिरामुळे काय गेलं, तेही दाखवावं लागतं: पाय वाचवता आला असता का, फुप्फुसात गाठी आधी होत्या की नंतर झाल्या. त्यासाठी छातीच्या सीटी स्कॅनच्या तारखा लागतात.

म्हणूनच आम्ही पहिल्याच दिवशी नोटीस पाठवत नाही. आधी सगळे कागद तारखेप्रमाणे लावतो, मग हाडांच्या तज्ज्ञाकडून लेखी मत घेतो. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये म्हटलं आहे. पण हाडाच्या कॅन्सरमध्ये आम्ही त्या सवलतीवर विसंबत नाही. कागद वाचण्याची फी आम्ही वेगळी घेतो, ती याच कामाची. प्रकरणात दम नसेल तर तिथेच सांगतो, म्हणजे पुढचा खर्च आणि मनस्ताप वाचतो. ‘मिळेल त्यातले टक्के घ्या’ असं बरेच जण म्हणतात. वकिलाला ते नियमानं करता येत नाही आणि आम्ही करत नाही.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतो, म्हणून आम्ही सर्वांत आधीची तारीख धरून चालतो. मुलगा अज्ञान (18 वर्षांखालचा) आहे म्हणून मुदत थांबेल, या भरवशावर राहू नका. दवाखाना नाशिकचा असो की सुरतचा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार तुमच्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र आयोगात जाता येत नाही. तिथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता आहे. पैसे विमा कंपनीनं किंवा सरकारी योजनेनं भरले असतील तर ते कागद जरूर दाखवा. मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकतं, पण भरपाई देत नाही.

आणि ज्यांच्या घरात अजून निदानच झालेलं नाही, पण मुलाचं हाड रात्री दुखतंय, सूज वाढतेय, त्यांनी आमच्याकडे नको, आधी डॉक्टरकडे जावं. मालिश थांबवा, एक्स-रे काढा. संशय आला तर बायोप्सी शक्यतो जिथे ऑपरेशन होणार तिथेच करा. बायोप्सीची जागा चुकली तर पुढे पाय वाचवणं अवघड होऊ शकतं.

आमच्याकडे येण्याआधी फोन करा, कोर्टाच्या वेळेनंतर निवांत बसता येतं. येताना मूळ फिल्मा दुमडू नका, पुठ्ठ्यात घालून आणा. ज्या ज्या डॉक्टरकडे गेलात त्यांची नावं आणि अंदाजे महिने एका कागदावर लिहा, मालिशवालाही त्यात आला. केमो चालू असेल तर पेशंटला आणू नका. आई किंवा वडील, कोणीही एक आलं तरी पुरे.